करप्यापासून दगडफुलापर्यंत : आंटोन द बारी यांचा शोधप्रवास

बटाट्यावरील करपा आणि गव्हावरील तांबेरा या रोगांचे मूळ शोधून काढणाऱ्या जर्मन शास्त्रज्ञानेच पुढे 'सहजीवन' ही संकल्पना जीवशास्त्रात रुजवली. बुरशी ही वनस्पतीची वैरीण की सोबतीण, या प्रश्नाला त्याने दिलेले उत्तर दीडशे वर्षांनंतर जनुकशास्त्राच्या कसोटीवरही टिकून आहे.

इ. स. १८४५ च्या उन्हाळ्यात बेल्जियमपासून आयर्लंडपर्यंतच्या शेतांत बटाट्याची हिरवीगार पाने काही दिवसांतच काळी पडली. जमिनीतील बटाटे काढून पाहावेत, तर तेही सडलेले. आयर्लंडमधील गरीब कुटुंबे जवळजवळ सर्वस्वी बटाट्यावरच गुजराण करीत असल्याने तेथे या रोगाने भीषण दुष्काळाचे रूप घेतले. पुढील काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे भुकेने आणि रोगराईने मृत्युमुखी पडली. किमान तितक्याच लोकांनी पोटासाठी देश सोडला. हा अनर्थ घडत असताना रोगाच्या कारणाविषयी विद्वानांत एकमत नव्हते. कोणी अतिवृष्टीला दोष दिला, कोणी हवेतील दूषित वाफांना, तर कोणी हा ईश्वरी कोप मानला. रोगट पानांवर पांढरट बुरशी दिसते, हे मात्र सर्वांनाच ठाऊक होते. इंग्लंडमधील धर्मोपदेशक माइल्स बर्कली यांच्यासारख्या मोजक्या अभ्यासकांनी ही बुरशीच रोगाचे कारण असावी, असे सुचवले होते. बहुसंख्यांचे मत मात्र उलट होते. पान आधी सडते आणि त्या सडण्यातून बुरशी उपजते, असे ते मानीत.

कारण कोणते आणि परिणाम कोणता, असा हा वाद होता. त्याचा निर्णायक निकाल लागण्यास १८६१ साल उजाडावे लागले. तो लावणारे आंटोन द बारी करप्याची पहिली साथ आली, तेव्हा फ्रँकफुर्टमध्ये शिकणारे अवघ्या चौदा वर्षांचे विद्यार्थी होते.

वैद्यकाकडून वनस्पतींकडे

हाइन्रिश आंटोन द बारी यांचा जन्म २६ जानेवारी १८३१ रोजी जर्मनीतील माइन नदीकाठच्या फ्रँकफुर्ट शहरात झाला. वडील ऑगस्ट थिओडोर द बारी हे डॉक्टर होते आणि घरात दहा मुले होती. फ्रँकफुर्टच्या आसपास रानावनांत वनस्पती आणि प्राणी गोळा करीत हिंडणारा निसर्गप्रेमींचा एक गट होता. या भटकंतीत सामील होण्यास वडिलांनी आंटोनला उत्तेजन दिले. शहरात सेंकेनबेर्ग यांच्या नावाची वैद्यकीय आणि निसर्गविज्ञानाची नामवंत संस्था होती. तेथे वनस्पतिशास्त्र शिकवणारे डॉ. गेओर्ग फ्रेसेनियस हे शैवाले आणि बुरशी यांचे जाणकार होते. फुलझाडांच्या तुलनेत दुर्लक्षित राहिलेल्या या सूक्ष्म सृष्टीची गोडी आंटोनला लागली, ती त्यांच्यामुळे.

वडिलांचाच व्यवसाय पुढे चालवावा, या हेतूने त्यांनी १८४८ मध्ये वैद्यकाचे शिक्षण सुरू केले. हायडेलबर्ग, मारबुर्ग आणि अखेरीस बर्लिन असा हा प्रवास झाला. बर्लिनमध्ये त्यांना आलेक्झांडर ब्राउन हे वनस्पतिशास्त्राचे थोर प्राध्यापक लाभले आणि आयुष्याची दिशा ठरली. १८५३ मध्ये त्यांनी वैद्यकाची पदवी संपादन केली; परंतु प्रबंधाचा विषय होता वनस्पतींतील लैंगिक प्रजनन. त्याच वर्षी, वयाच्या बाविसाव्या वर्षी, धान्यावरील काणी आणि तांबेरा या रोगांच्या बुरशींवरील त्यांचे पुस्तकही प्रसिद्ध झाले.

या पुस्तकाचे धाडस समजून घ्यायचे, तर त्या काळची समजूत ध्यानात घेतली पाहिजे. व्हिएन्नाचे विख्यात शास्त्रज्ञ फ्रान्त्स उंगर यांनी १८३३ मध्ये असे प्रतिपादन केले होते, की वनस्पतीच्या अंगात बिघाड झाला की तिच्या रसातूनच तांबेऱ्यासारखी बुरशी उद्भवते. माणसाच्या अंगावर पुरळ उठावे, तसाच हा प्रकार, असे ते मानत. तरुण द बारी यांनी सूक्ष्मदर्शकाखाली या बुरशींचे तंतू आणि बीजाणू तपासले. बुरशी हा स्वतंत्र जीव आहे, तो बाहेरून वनस्पतीत शिरतो आणि त्याच्या वाढीतून रोग होतो, असा निष्कर्ष त्यांनी मांडला.

फ्रँकफुर्टमध्ये काही काळ त्यांनी डॉक्टरकी केली. त्यात मन रमले नाही. लवकरच ते ट्यूबिंगेन विद्यापीठात अध्यापनासाठी गेले आणि १८५५ मध्ये, चोविसाव्या वर्षी, फ्रायबुर्ग विद्यापीठात कार्ल नेगेली यांच्या जागी त्यांची नियुक्ती झाली. तेथे त्यांनी वनस्पतिशास्त्राची प्रयोगशाळा उभारली. व्याख्यान ऐकून टिपणे काढण्यापेक्षा विद्यार्थ्याने स्वतः एखाद्या जिवंत नमुन्याचा पाठपुरावा करावा, ही त्यांची रीत होती.

करप्याचा छडा

त्या काळी बुरशीची वर्गवारी बहुधा वाळवलेल्या नमुन्यांवरून होत असे. एका टप्प्यातील रूप एका नावाने, दुसऱ्या टप्प्यातील रूप दुसऱ्याच नावाने संग्रहात जाई. द बारी यांनी वेगळा मार्ग धरला. बीजाणू पेरायचा, तो रुजताना पाहायचा, त्याचा तंतू कोठे जातो याचा माग काढायचा आणि पुन्हा बीजाणू तयार होईपर्यंत नजर हलवायची नाही. बुरशीचा जीवनक्रम अखंड पाहिल्याशिवाय तिच्याविषयी काहीही बोलायचे नाही, हा त्यांचा दंडक होता.

बटाट्याच्या करप्याला त्यांनी हीच पद्धत लावली. निरोगी झाडांचे दोन गट त्यांनी सारख्याच दमट हवेत ठेवले. एका गटाच्या पानांवर रोगट पानावरील बीजाणू टाकले, दुसऱ्या गटाला त्यांचा स्पर्श होऊ दिला नाही. पहिल्या गटातील झाडे करपली, दुसऱ्या गटातील टवटवीत राहिली. हवा, पाणी, ओलावा सर्व समान असताना फरक होता तो केवळ बीजाणूंचा. ओल्या पानावर पडलेल्या या बीजाणूकोशांतून पोहणारे सूक्ष्म बीजाणू बाहेर पडतात, ते रुजून पानाच्या आत शिरतात आणि पावसाच्या पाण्याबरोबर जमिनीत झिरपून बटाट्यालाही गाठतात, हेही त्यांनी दाखवून दिले. दमट हवेत रोग का फैलावतो, या जुन्या कोड्याचा उलगडा त्यातच झाला. ओलावा रोग निर्माण करीत नव्हता. तो रोगकारक जीवाला वाट करून देत होता.

१८६१ मध्ये त्यांनी हे संशोधन पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध केले. पुढे १८७६ मध्ये या जीवाला त्यांनी 'फायटोप्थोरा इन्फेस्टन्स' हे नाव दिले. यातील पहिल्या ग्रीक शब्दाचा अर्थ वनस्पतींचा विनाशक असा होतो. आजच्या वर्गीकरणानुसार हा जीव खरा बुरशीवर्गीय मानला जात नाही. तपकिरी शैवालांशी त्याचे नाते अधिक जवळचे आहे. तथापि रोगकारक म्हणून त्याची ओळख द बारी यांनी पटवली, ती कायम राहिली. लुई पाश्चर आणि रॉबर्ट कॉख यांनी जंतू आणि माणसाचे रोग यांचा संबंध सिद्ध करण्याच्या पुष्कळ आधी, बटाट्याच्या पानावर हा न्याय लागला होता.

दोन घरांचा पाहुणा

करप्यानंतर द बारी गव्हावरील तांबेऱ्याकडे वळले. युरोपातील शेतकऱ्यांचा एक जुना समज होता, की शेताच्या बांधावर बार्बेरीचे झुडूप असले की गव्हावर तांबेरा येतो. आयुर्वेदातील दारुहळद ज्या प्रजातीतील, त्याच प्रजातीतील हे काटेरी झुडूप आहे. अमेरिकेतील कनेक्टिकट वसाहतीने १७२६ मध्ये आणि मॅसॅच्युसेट्सने १७५५ मध्ये ते उपटून टाकण्यासाठी कायदेही केले होते. विद्वान मंडळी मात्र या समजाला फारशी किंमत देत नसत. बार्बेरीच्या पानावरील पिवळी-नारिंगी बुरशी आणि गव्हाच्या काडीवरील तांबडी बुरशी दिसण्यात सर्वस्वी भिन्न होत्या. त्यांची नावे वेगळी होती आणि शास्त्राच्या लेखी त्यांचा परस्परांशी काहीही संबंध नव्हता.

द बारी यांनी तांबेऱ्याचे काळे हिवाळी बीजाणू रुजवले. त्यांतून निघालेले अतिसूक्ष्म बीजाणू गव्हावर टाकून काहीच होईना. १८६५ च्या सुमारास त्यांनी ते बार्बेरीच्या कोवळ्या पानांवर टाकले आणि काही दिवसांतच पानांवर पिवळे ठिपके उमटले. मग त्यांनी उलट प्रयोग केला. बार्बेरीवरील बीजाणू धान्याच्या रोपांवर टाकले, तेव्हा तेथे तांबेरा उगवला. दोन नावांच्या दोन बुरशी वस्तुतः एकच होत्या. आयुष्याचा एक भाग गव्हावर आणि दुसरा भाग बार्बेरीवर काढणारी ती एकच बुरशी होती. बांधावरच्या शेतकऱ्याचा समज खरा ठरला आणि विद्वानांचे वर्गीकरण चुकले.

या शोधाचा व्यावहारिक परिणाम मोठा झाला. अमेरिकेत १९१८ पासून बार्बेरी निर्मूलनाची व्यापक मोहीम हाती घेण्यात आली. वैचारिक परिणाम त्याहून खोल होता. एखाद्या जीवाचा स्वभाव त्याच्या एका रूपावरून ठरवता येत नाही, हे तांबेऱ्याने शिकवले. तो कोणत्या वनस्पतीवर आहे आणि आयुष्याच्या कोणत्या टप्प्यावर आहे, यानुसार त्याचे रूपही बदलते आणि वागणेही बदलते.

भारतात या प्रश्नाने वेगळे वळण घेतले. आग्रा येथील शास्त्रज्ञ डॉ. करमचंद मेहता यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दाखवून दिले, की येथील तांबेऱ्याला बार्बेरीची गरज भासत नाही. मैदानातील कडक उन्हाळा त्याला सोसत नाही. तो थंड डोंगरांवरील गव्हावर तग धरतो आणि हंगामात तेथून वाऱ्याबरोबर पुन्हा खाली येतो. दक्षिणेत निलगिरी आणि पळणीचे डोंगर ही त्याची आश्रयस्थाने. महाराष्ट्रात महाबळेश्वरच्या थंड हवेत गहू गेरवा संशोधन केंद्र चालते, त्यामागेही या रोगाचा हाच इतिहास आहे.

सक्ती आणि सवड

वेगवेगळ्या बुरशींचे जीवनक्रम उलगडत असताना द बारी यांच्या ध्यानात एक गोष्ट आली. परोपजीवी आणि शवोपजीवी, म्हणजे जिवंत वनस्पतीवर जगणारी आणि मृत अवशेषांवर जगणारी, अशी बुरशींची दोन गटांत सरळ फाळणी करता येत नाही. तांबेऱ्यासारख्या काही बुरशींना जिवंत वनस्पतीखेरीज गत्यंतर नसते. भाकरीवरील बुरशीसारख्या काही केवळ मृत पदार्थांवर वाढतात. या दोन टोकांच्या मध्ये मात्र असंख्य बुरशी अशा आहेत, की ज्या परिस्थिती पाहून जगण्याची रीत बदलतात. कोणी मुख्यतः शवोपजीवी असून संधी मिळताच जिवंत पेशींत घुसते, तर कोणी मुख्यतः परोपजीवी असून वनस्पती मेल्यावर तिच्या अवशेषांवर निभावून नेते. १८६६ मधील बुरशीशास्त्रावरील पाठ्यग्रंथात आणि १८८४ मधील विस्तृत ग्रंथात त्यांनी हे प्रकार व्यवस्थित मांडले. सक्तीचे परोपजीवी आणि वैकल्पिक परोपजीवी या आज कृषी महाविद्यालयांत शिकवल्या जाणाऱ्या संज्ञा या मांडणीतून आल्या आहेत.

या विचाराचा सर्वांत सुंदर पुरावा त्यांनी अखेरच्या वर्षांत दिला. स्क्लेरोटिनिया ही बुरशी अनेक भाज्या आणि कंदमुळे सडवते. तिचे बीजाणू स्वच्छ पाण्यात रुजवून निरोगी झाडावर ठेवले, तर काहीच घडत नसे. तेच बीजाणू आधी मृत वनस्पतिद्रव्यावर पोसले गेले, तर त्यांतून निघालेले जोमदार तंतू जिवंत पेशींवर तुटून पडत. शवावर पोट भरल्यावरच या बुरशीला शिकारीचे बळ येत होते. याच संशोधनात त्यांना आढळले, की तंतू पोहोचण्यापूर्वीच पुढच्या पेशी मरू लागतात. सडलेल्या गाजराच्या रसात पेशींची जोडणी विरघळवण्याचा गुण होता आणि रस उकळला की तो गुण नाहीसा होई. आज ज्यांना विकरे म्हणतात, त्यांच्याद्वारे बुरशी वनस्पतीचा घास घेते, हे १८८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांनी सूचित केले.

दगडफुलाचे रहस्य

मराठी स्वयंपाकघरातील गोड्या मसाल्यात पडणारे दगडफूल हे फूल नव्हे आणि दगडाचेही नव्हे. खडकांवर आणि झाडांच्या सालींवर वाढणाऱ्या या शैवाक वर्गाला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत एक स्वतंत्र वनस्पती समजले जाई. त्यातील हिरव्या गोल पेशी शैवालांसारख्या आणि धागे बुरशीसारखे का दिसतात, याचे समाधानकारक स्पष्टीकरण कोणापाशी नव्हते. द बारी यांनी १८६६ मध्ये काही शैवाकांबाबत अशी शक्यता मांडली, की शैवालांवर बुरशीने आक्रमण केल्याने हा जीव घडत असावा. स्वित्झर्लंडचे सायमन श्वेंडनर यांनी लगोलग पुढचे पाऊल टाकले. सर्वच शैवाक म्हणजे बुरशी आणि शैवाल यांची जोडी होय, असे त्यांनी १८६० च्या दशकाच्या अखेरीस जाहीर केले. या जोडीत बुरशी धनी आणि शैवाल तिचे गुलाम, असे चित्र त्यांनी रंगवले.

शैवाकांचे अभ्यासक या कल्पनेने संतापले. ज्यांच्या शेकडो जातींना आपण नावे दिली, तो जीव मुळात एक जीवच नाही, हे त्यांना मान्य होईना. द बारी यांनी श्वेंडनर यांची बाजू उचलून धरली, मात्र धनी आणि गुलाम ही भाषा त्यांना पुरेशी वाटली नाही. शैवाकातील शैवाल मरत नव्हते, पिढ्यान्‌पिढ्या वाढत होते आणि उघड्या खडकावर एकट्याने जगणे त्याला अवघड गेले असते. हे नाते करप्याच्या नात्याहून भिन्न होते. तरीही ते त्याच कुटुंबातले होते, असे त्यांना दिसत होते.

स्ट्रासबुर्ग आणि कासेल

दरम्यान युरोपचे राजकारण ढवळून निघाले होते. १८६७ पासून द बारी हाले विद्यापीठात होते. १८७०-७१ च्या युद्धात फ्रान्सचा पराभव झाला आणि आल्सास प्रांत जर्मन साम्राज्यात गेला. वेढ्याच्या काळातील तोफांच्या माऱ्यात स्ट्रासबुर्गचे ग्रंथालय जळून खाक झाले होते. जखमी आणि नाराज अशा या शहरात जर्मन सरकारने १८७२ मध्ये नव्याने विद्यापीठ सुरू केले. वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक म्हणून द बारी तेथे गेले आणि पहिले रेक्टर म्हणूनही त्यांचीच निवड झाली. तेथील नवी वनस्पती उद्यान आणि संस्था त्यांच्या देखरेखीखाली उभी राहिली. १८८४ मध्ये उद्यान खुले झाले. रशिया, अमेरिका, इंग्लंड अशा नाना देशांचे विद्यार्थी त्यांच्या प्रयोगशाळेत येत. बुरशीतज्ज्ञ मिखाइल वोरोनिन, हार्वर्डमध्ये बुरशीशास्त्राची परंपरा सुरू करणारे विल्यम फार्लो, मातीतील जीवाणूंच्या अभ्यासाचे प्रवर्तक सेर्गेई विनोग्राद्स्की ही त्यांच्या शिष्यांतील काही नावे.

१८७८ मध्ये जर्मन निसर्गशास्त्रज्ञ आणि वैद्यांचे वार्षिक अधिवेशन कासेल येथे भरले. तेथील व्याख्यानात द बारी यांनी 'सिम्बायोसिस' म्हणजे सहजीवन ही संकल्पना सविस्तर मांडली. पुढील वर्षी ते व्याख्यान पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध झाले. आल्बर्ट फ्रँक या जर्मन शास्त्रज्ञाने १८७७ मध्ये शैवाकांसंबंधात याच धर्तीचा शब्द वापरला होता. द बारी यांनी त्याला व्यापक अर्थ दिला. भिन्न जातींच्या जीवांनी एकत्र राहणे म्हणजे सहजीवन, अशी त्यांची व्याख्या होती. त्यात लाभ-हानीचा हिशेब नव्हता. यजमानाला ठार करणारा परोपजीवी, शैवाकातील भागीदार आणि पाण्यावरील ॲझोला या नेच्याच्या पानांत निमूटपणे राहणारे नील-हरित शैवाल, या साऱ्यांना त्यांनी एकाच पटावर आणले. एका टोकाला निव्वळ लूट, दुसऱ्या टोकाला परस्परांचे हित आणि मध्ये अनेक पायऱ्या, असा तो पट होता.

ज्या माणसाने वनस्पतींच्या विनाशकाचे नामकरण केले, त्यानेच हा शब्द प्रचारात आणावा, यात विसंगती नाही. आयुष्यभर बुरशीचा माग काढताना त्यांना जे दिसले, त्याचाच तो निष्कर्ष होता. पुढील काळात मात्र लोकव्यवहारात सहजीवन म्हणजे दोघांचे भले, असा संकुचित अर्थ रूढ झाला. मित्र आणि शत्रू अशी फाळणी माणसाला सोयीची वाटते.

अकाली अखेर

जबड्याच्या गाठीच्या दुर्धर आजाराने १९ जानेवारी १८८८ रोजी स्ट्रासबुर्ग येथे द बारी यांचे निधन झाले. सत्तावन्न वर्षे पूर्ण होण्यास एक आठवडा बाकी होता. तोवर त्यांच्या कार्याची फळे शेतापर्यंत पोहोचू लागली होती. द्राक्षवेलींवरील केवडा, म्हणजे आपल्या बागायतदारांच्या तोंडचा डाऊनी, या रोगाच्या कारक जीवाचा अभ्यास त्यांनी १८६३ मध्येच केला होता. हा रोग अमेरिकेतून फ्रान्समध्ये १८७८ च्या सुमारास पोहोचला आणि बागा उद्ध्वस्त होऊ लागल्या, तेव्हा त्यावर उपाय शोधला तो फ्रायबुर्गमध्ये त्यांच्या हाताखाली शिकलेल्या प्येर मियार्दे यांनी. रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर चोरट्यांना परावृत्त करण्यासाठी मोरचूद आणि चुना शिंपडलेला असे. त्याच वेली रोगातून वाचल्याचे मियार्दे यांच्या नजरेस आले. १८८५ मध्ये त्यांनी जाहीर केलेले बोर्डो मिश्रण नाशिक-सांगलीच्या द्राक्ष बागायतदारांना आजही परिचित आहे.

द बारी हयात असतानाच, १८८५ मध्ये, आल्बर्ट फ्रँक यांनी आणखी एक आश्चर्य समोर आणले. जंगलातील झाडांच्या मुळांना बुरशीने वेढलेले असते आणि ही बुरशी झाडाला जमिनीतून पोषण मिळवून देते, असे त्यांनी सांगितले. त्या जोडीला त्यांनी 'मायकोरायझा' हे नाव दिले. मुळांत बुरशी म्हणजे रोग, असे मानणाऱ्या अनेकांनी यावर टीका केली. कालांतराने फ्रँक खरे ठरले. जमिनीवरील बहुसंख्य वनस्पतींच्या मुळांशी अशी बुरशी असते, हे आता सर्वमान्य आहे.

जनुकांची साक्ष

बुरशी जगण्याची रीत कशी बदलते, याचा तपशील गेल्या काही दशकांत उलगडू लागला. अमेरिकन संशोधकांनी १९९३ मध्ये काकडीवर्गीय पिकांवर रोग आणणाऱ्या कोलेटोट्रायकम बुरशीचा एक उत्परिवर्तित वाण शोधला. केवळ एका जनुकातील बदलामुळे ही बुरशी रोपाला न मारता त्याच्या आत निमूटपणे वाढत होती आणि मूळ रोगापासून त्याचे रक्षणही करीत होती. २००६ मध्ये न्यूझीलंडमधील संशोधनात याची उलट बाजू दिसली. रायगवतात सलोख्याने राहणाऱ्या एपिक्लोई बुरशीचे एक जनुक निकामी करताच ती बेसुमार वाढली आणि गवत खुरटून मरू लागले. म्हणजे शत्रूचा सोबती होण्यास एक बदल पुरला आणि सोबत्याचा शत्रू होण्यासही.

काही वेळा जनुकात बदल होण्याचीही गरज नसते. २०१६ मध्ये कोलेटोट्रायकमच्या दुसऱ्या एका जातीविषयी असे आढळले, की जमिनीत स्फुरदाची टंचाई असेल, तेव्हा ती मोहरीच्या कुळातील एका छोट्या वनस्पतीला स्फुरद पुरवून तिची वाढ सुधारते. स्फुरद मुबलक असेल, तर हा लाभ दिसत नाही. राजस्थानातील थरच्या वाळवंटात झुडपांच्या मुळांशी सापडलेली आणि १९९८ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी नोंदवलेली पिरिफॉर्मोस्पोरा इंडिका ही बुरशी पिकांची वाढ वाढवते, म्हणून नावाजली गेली. बार्लीच्या मुळांत मात्र ती मृतप्राय पेशींच्या आधारे पसरते, असे पुढे दिसले. लाभ देणाऱ्या या बुरशीच्या वागण्यातही परोपजीवीपणाचा अंश उरला आहे. दुसरीकडे, झाडांच्या मुळांशी मैत्री करणाऱ्या अनेक बुरशींचे पूर्वज लाकूड आणि पालापाचोळा कुजवणारे होते, हे जनुकसंचांच्या तुलनेतून स्पष्ट झाले. मैत्री करताना त्यांनी वनस्पतीच्या पेशीभित्ती फोडणारी बरीचशी विकरे गमावली. हा बदल उत्क्रांतीच्या ओघात एकदा नव्हे, अनेकदा स्वतंत्रपणे घडला.

या ज्ञानाचा संबंध थेट शेतीच्या खर्चाशी आहे. महाराष्ट्रातील शेतकरी आज एका हाताने बुरशीनाशक फवारतो आणि दुसऱ्या हाताने ट्रायकोडर्मा किंवा मायकोरायझाचे संवर्धक जमिनीत मिसळतो. स्फुरदयुक्त खतांचा मारा झालेल्या जमिनीत मुळे मायकोरायझाला फारसा थारा देत नाहीत. अशा वेळी बुरशीला द्यावी लागणारी साखर झाडाला तोट्याची ठरू शकते. उपयुक्त बुरशी आणि घातक बुरशी असे शिक्के मारून भागत नाही. जमीन कशी आहे, हवा कशी आहे आणि पीक कोणत्या अवस्थेत आहे, हेही पाहावे लागते. द बारी यांनी बटाट्याच्या दोन गटांना सारख्याच हवेत ठेवून जो धडा घातला, तो हाच की निष्कर्षाआधी परिस्थिती तपासावी.

पहिल्या महायुद्धानंतर स्ट्रासबुर्ग पुन्हा फ्रान्सकडे आले. तेथील वनस्पती उद्यानात १८८० च्या दशकातील एक बहुकोनी काचगृह जतन करून ठेवले आहे. जर्मन साम्राज्याच्या काळात उभारलेल्या या वास्तूला फ्रान्समध्येही आंटोन द बारी यांचेच नाव आहे.